मागचं दार उघडल्याशिवाय डॉलर काढू नका

अमेरिकेत शनिवारी सकाळी लोक गॅरेजसमोर जुनं सामान मांडून विकतात. त्यात कधीतरी १९८०च्या दशकातलं आर्केड मशीन निघतं. म्हणजे नाणं टाकून व्हिडिओ गेम खेळायचं कपाटाएवढं मशीन. मालक सांगतो, "चालू आहे." तेवढं पुरेसं नाही हो! बाहेर 'पॅक-मॅन'चं चित्र आणि आत साठ गेम भरलेला नवा, स्वस्त बोर्ड, असं बऱ्याचदा असतं. तो अस्सलच्या भावात घेतलात की धंदा तिथेच बुडाला.

म्हणून चावी मागा, मागचं दार उघडायला लावा. मूळ सर्किट बोर्ड आहे का बघा. विल्यम्स कंपनीच्या 'डिफेंडर'मध्ये (१९८१) स्कोअर जपायला तीन पेन्सिल सेल असतात. ते गळले की बोर्ड खातात. फक्त बघा, हात घालू नका. प्लग काढला तरी पिक्चर ट्यूबमध्ये जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं. तळाचं लाकूड ओलीने फुगलंय का, ते बाहेरून दाबून पाहा.

बंद मशीन, पण आतलं सगळं मूळ? मी तर तेच घेईन, दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून. आणि वजन शंभर किलोच्या वर जातं, तेव्हा टेम्पो आणि दोन माणसांचे पैसे भाव करण्याआधीच धरा.