ना साप, ना गांडूळ!

दोस्तांनो, पावसाळ्यात दगडाखाली गांडुळासारखं काही वळवळलं, तर लगेच काठी उगारू नका हं! ते देवगांडूळ असेल. सापाचं पिल्लू समजून लोक त्याला उगाच मारतात. खरं तर हा बेडकाचा नातलग, बिनपायांचा उभयचर! अंगावर गांडुळासारखी वळी. पण गांडुळाला नसतात ते पाठीचा कणा, जबडा आणि दात याला असतात. सातारा जिल्ह्यात कोयनेजवळच्या हुंबरळीला सापडलेल्या एका जातीला २००४ साली शास्त्रज्ञांनी नाव दिलं, ‘इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस’. कातडीतूनही श्वास घेणाऱ्या देवगांडुळाला ओलसर, भुसभुशीत माती हवी. कोयनेचं आणि सांगलीकडच्या चांदोलीचं जंगल ती ओल धरून ठेवतं. झाडं गेली, माती वाळली, तर बिचारं जाणार कुठे? म्हणून दगड हळूच जागेवर ठेवा!