धूम्रपानाचा पाइप : निर्मात्याची ओळख

ज्यावर निर्मात्याचे नाव, चिन्ह किंवा क्रमांक आढळत नाही, अशा जुन्या पाइपाचा कर्ता, कारखाना अथवा निर्मितिकाल त्या वस्तूतील पुराव्यावरून ठरविण्याची पद्धती. पाइपाचे तीन मुख्य भाग असतात : तंबाखू भरण्याची वाटी, तिला जोडलेला पोकळ दांडा व दातांत धरावयाची मुखनळी. या भागांचे द्रव्य, घडण, जोडणी व धातुकाम यांची स्वतंत्रपणे तपासणी करून निष्कर्ष काढले जातात. हे निष्कर्ष सर्व वेळी निर्मात्याच्या नावापर्यंत पोहोचत नाहीत. पुष्कळदा देश, काळ व कारखान्याचा प्रकार एवढेच खात्रीने सांगता येते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः ब्रायर पाइपांचा विचार केला आहे.

मुद्रा नसण्याची कारणे : ब्रायर म्हणजे भूमध्य सागराच्या परिसरात वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी येणारी कठीण, उष्णतारोधक गाठ. तिच्यापासून पाइप करण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील ज्यूरा पर्वतभागात सँ-क्लोद येथे वाढीस लागला. लाकूड कातण्याचे कसब त्या गावात आधीपासूनच होते. तेथे तयार झालेल्या वाट्या व पूर्ण पाइप इतर देशांतील व्यापाऱ्यांना घाऊक विकले जात. त्यांवर विक्रेता आपले नाव उमटवी किंवा काहीच उमटवीत नसे. त्यामुळे एकाच कारखान्याचा माल अनेक नावांनी व निनावीही आढळतो. लाकडात दोष निघालेला माल कारखान्याचे नाव न घालता स्वस्तात विकण्याची प्रथाही होती. तिसरे कारण म्हणजे झीज. दांड्यावरील ठसा उथळ असल्याने हाताळणीने व विशेषतः यंत्रावर पुनःपुन्हा झिलई दिल्याने तो नाहीसा होतो. म्हणून ‘मुद्रा कधीच नव्हती’ व ‘मुद्रा पुसली गेली’ या दोन शक्यतांची प्रथम फारकत करावी लागते.

प्राथमिक परीक्षण : पाइप स्वच्छ करण्यापूर्वीच तपासणे इष्ट असते. दांड्यावर जवळजवळ समांतर दिशेने प्रकाश टाकून भिंगातून पाहिल्यास पुसट ठशाच्या कडा सावलीमुळे उठून दिसतात. पूर्ण शब्द वाचता आला नाही, तरी अक्षरांची मांडणी उपयोगी पडते. उदा., कोमॉय कंपनीच्या इंग्लंडमधील पाइपांवर उत्पत्तिस्थानाचा मजकूर वर्तुळाकार उमटविलेला आढळतो. मुखनळीवरील खुणाही पाहाव्या लागतात. डनहिलचा पांढरा ठिपका, सॅसिएनीचे चार ठिपके, जीबीडीची पितळी चकती ही त्यांची परिचित उदाहरणे होत. खूण गळून पडली असेल, तर तिच्या जागी उरलेला लहान खळगाही पुरावा ठरतो. मात्र मुखनळी हा सर्वांत आधी मोडणारा व बदलला जाणारा भाग आहे. त्यामुळे तिच्यावरील खूण वाटीच्या निर्मात्याची असेलच असे नाही. पांढरा ठिपका तर मागाहून बसविणेही सोपे असते.

चांदीवरील मुद्रा : दांड्याच्या टोकाशी चांदीचे वळे असल्यास तेच बहुधा सर्वांत विश्वसनीय साधन ठरते. ब्रिटिश चांदीवरील चालता सिंह ९२५ शुद्धता दर्शवितो. परीक्षण करणाऱ्या कचेरीचे चिन्ह लंडनसाठी चित्त्याचे मस्तक, बर्मिंगहॅमसाठी नांगर व चेस्टरसाठी गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार असे असते. चेस्टरची कचेरी १९६२ मध्ये बंद झाली. त्यांच्या जोडीला वर्षागणिक बदलणारे अक्षर असे. प्रत्येक कचेरीची अक्षरमाला, लिपीचे वळण व भोवतालच्या ढालीचा आकार लक्षात घेऊन त्यावरून परीक्षणाचे वर्ष काढता येते. फ्रान्समध्ये १८३८ पासून लहान वस्तूंवर पॅरिसमध्ये रानडुकराचे मस्तक व इतरत्र खेकडा उमटविला जात असे.

या मुद्रांतील आद्याक्षरे धातुकाम परीक्षणासाठी सादर करणाऱ्याची असतात. लंडनच्या बार्लिंगसारख्या काही पेढ्या पाइप व चांदीकाम दोन्ही करीत. अन्यत्र ही आद्याक्षरे केवळ सोनाराची किंवा व्यापाऱ्याची असू शकतात. शिवाय तडकलेला दांडा आवळण्यासाठी वळे मागाहून चढविण्याची पद्धत असल्याने वळ्याखालच्या लाकडाचा रंग व त्याची बसणी पाहणे आवश्यक ठरते.

द्रव्य व रचना : प्रत्येक द्रव्य व प्रत्येक युक्ती केव्हा अस्तित्वात आली हे ठाऊक असल्यास पाइपाच्या काळाची पूर्वमर्यादा मिळते. गंधकाने कठीण केलेल्या रबराची, म्हणजे व्हल्कनाइटची, मुखनळी प्रकाशाने व हवेने हिरवट तपकिरी होते. ॲक्रिलिकची होत नाही. बेकलाइट हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील संशोधन असल्याने त्याची मूळ मुखनळी असलेला पाइप त्याहून जुना असू शकत नाही. अंबरची मुखनळी आटे पाडलेल्या हाडाच्या तुकड्याने दांड्यास जोडलेली असणे हे एकोणिसाव्या शतकाचे व विसाव्या शतकाच्या आरंभाचे लक्षण होय.

काही रचना विशिष्ट निर्मात्याकडे निर्देश करतात. डब्लिनच्या पीटरसन कंपनीने १८९० मध्ये दांड्यात ओलावा साठविणाऱ्या कप्प्याचे व १८९८ मध्ये धूर वरच्या बाजूस सोडणाऱ्या मुखनळीचे पेटंट घेतले. अमेरिकेतील केवूडी पाइपांत मुखनळीच्या टोकाला स्क्रूने बसणारा धातूचा भाग असतो. वाळूचा मारा करून लाकडाचा पृष्ठभाग खडबडीत करण्याच्या रीतीचे डनहिलचे पेटंट १९१७ चे आहे. पेटंटची मुदत संपली की अनुकरणास वाट मोकळी होते. म्हणून अशी रचना ‘याआधीचा नाही’ हे सिद्ध करते, ‘याच निर्मात्याचा आहे’ हे सिद्ध करीत नाही.

आकाराचे प्रामाण्य : वाटीचा घाट हे सर्वांत आकर्षक परंतु सर्वांत दुर्बल प्रमाण होय. बिलियर्ड, बुलडॉग, डब्लिन इ. घाट बहुतेक सर्व कारखान्यांनी काढले. कारागीरही एका ठिकाणी स्थिर नव्हते. सँ-क्लोदच्या कोमॉय घराण्यातील आंरी कोमॉय यांनी १८७९ मध्ये लंडनमध्ये व्यवसाय सुरू केला, तर जोएल सॅसिएनी यांनी डनहिलकडील नोकरीनंतर १९१९ मध्ये आपला कारखाना काढला. त्यांच्याबरोबर हातवळणही स्थलांतरित झाले. त्यामुळे घाटाचे साम्य हे दुसऱ्या पुराव्यास पूरक म्हणूनच घ्यावे.

मातीच्या पाइपांची पद्धती : नावाचा आग्रह सोडून काळावर लक्ष केंद्रित केल्यास काय साधते, हे ब्रायरपूर्व काळातील पांढऱ्या मातीच्या पाइपांच्या अभ्यासात दिसून येते. उत्खननात मिळणारे त्यांचे बहुसंख्य तुकडे निनावीच असतात. जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये असे दाखविले, की सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लिश पाइपांच्या नळीचे छिद्र क्रमाने अरुंद होत गेले : १६२०–५० या काळात मुख्यतः ८/६४ इंच, तर १७५०–१८०० मध्ये ४/६४ इंच. या आधारे लुइस बिनफर्ड यांनी १९६२ मध्ये सरासरी व्यासावरून वर्ष काढण्याचे सूत्र मांडले. ते एका सुट्या तुकड्यास नव्हे, तर तुकड्यांच्या पुरेशा मोठ्या संचास लागू पडते. येथे एकाही कारागिराचे नाव कळत नाही, तरीही वस्तीचा काळ ठरविण्यास मदत होते.

पुराव्याचे मूल्यमापन : समजा, एका निनावी ब्रायर पाइपाच्या वळ्यावर नांगर, सिंह व १९०५ चे वर्षाक्षर आहे, मुखनळी अंबरची असून हाडाच्या जोडाने बसविलेली आहे आणि वळ्याखालचे लाकूड अखंड आहे. यावरून पाइप १९०५ च्या सुमारास ब्रिटिश बाजारपेठेसाठी पूर्ण झाला असे म्हणता येते. वाटी मात्र सँ-क्लोदमध्ये कातलेली असू शकते. आद्याक्षरे नोंदवहीत सापडली, तर चांदीकाम सादर करणारा कळेल. पाइपकर्ता त्यानंतरही अज्ञात राहील.

म्हणून वर्णनसूचीत तीन पायऱ्या पाळणे श्रेयस्कर असते. परस्परांवर अवलंबून नसलेले दोन किंवा अधिक पुरावे एकाच नावाकडे नेत असतील, तर ‘निश्चित’. एकच सबळ पुरावा असेल व विरोधी काही नसेल, तर ‘संभाव्य’. केवळ घाटाचे साम्य असेल, तर ‘शैलीसदृश’. प्रसिद्ध नावामुळे वस्तूची किंमत वाढते. त्यामुळे विक्रेत्याचा व संग्राहकाचाही कल पहिल्या पायरीकडे असतो. परंतु एकदा सूचीत शिरलेले चुकीचे नाव पुढच्या तुलनेचा आधार बनते व त्यावरून इतर निनावी पाइपांचीही चुकीची ओळख ठरविली जाते. उलटपक्षी ‘निर्माता अज्ञात’ या शेऱ्यासोबत मापे, द्रव्य, जोडणी व मुद्रा यांची तंतोतंत नोंद असल्यास पुढे मुद्रांकित जोड मिळताच त्या पाइपाची ओळख पटू शकते.