चित्रावरचे पारदर्शक कवच

कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यांत खांबांवर आजही पुसट चित्रे दिसतात. अजिंठ्याला तर अशा चित्रांचा खजिनाच आहे. ती टिकावीत म्हणून निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ बोलाविले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा भिंतीला पक्का बसविला. हे काम मोलाचेच झाले. परंतु चित्रांवर त्यांनी लाखेचा लेपही दिला. लाख म्हणजे एका किड्यापासून मिळणारी राळ. ताजा लेप काचेसारखा दिसतो, त्याखाली रंग खुलतात. पुढे हवा आणि प्रकाश यांच्यामुळे तो पिवळा पडला. अशा लेपाखाली निळा रंगसुद्धा हिरवट भासतो! पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांना पुढे तो लेप मोठ्या कष्टाने उतरवावा लागला.

हल्ली रेझिन नावाच्या कृत्रिम राळेत छापील चित्रे बसवितात. तेथे आणखी एक विघ्न येते. भजी बांधलेला कागद तुम्ही पाहिलाच असेल. कागदाच्या तंतूंमधील हवेची जागा तेल घेते, म्हणून तो काळपट व अर्धपारदर्शक होतो. पातळ राळही कागदात तशीच मुरते. यास्तव राळ ओतण्यापूर्वी चित्राच्या दोन्ही बाजूंना सुतारांचा पांढरा डिंक दोनदा पातळ लावावा आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. कडा बहुतेकजण विसरतात. डाग नेमका तेथूनच पसरतो. हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत करावे. तयार वस्तू उन्हात ठेवू नये, कारण उन्हाने ही राळही पिवळी पडते.