घरचा संगणक, आतून : भाग ९ – बारा व्होल्टची ओळ

गेल्या आठवड्यात आपण ग्राफिक्स कार्ड कसं निवडायचं ते पाहिलं. कार्ड ठरलं की लगेच प्रश्न येतो: 'माझा एसएमपीएस ४५० वॅटचा आहे, चालेल का?' दुकानात याची दोनच उत्तरं मिळतात. एक 'चालून जाईल', दुसरं 'नवा साडेसहाशेचा घ्या'. पहिलं ऐकलं तर खेळ ऐन रंगात असताना संगणक बंद पडायची भीती आणि दुसरं ऐकलं तर कदाचित काही हजारांचा भुर्दंड. खरं उत्तर कॅबिनेटच्या आत, एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, अंगावर चिकटवलेल्या लेबलावर असतं, आणि ते कुणालाही वाचता येतं.

संगणक बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघडा. काही कॅबिनेटमध्ये लेबल पलीकडच्या पत्र्याकडे तोंड करून असतं. तसं असेल तर मागचे चार स्क्रू काढून एसएमपीएस थोडा बाहेर ओढावा लागतो.

लेबलावर एक तक्ता असतो. वरच्या रांगेत ३.३, ५ आणि १२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली जास्तीत जास्त किती अँपिअर मिळतील तो आकडा. आपल्याला हवी ती १२ व्होल्टची ओळ. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज इथूनच घेतात. तिथले अँपिअर १२ ने गुणले की वॅट मिळतात. समजा दोन एसएमपीएस आहेत आणि दोघांवरही ठळक अक्षरांत ४५० छापलंय. एकाच्या १२ व्होल्टखाली ३४ अँपिअर आहेत, म्हणजे ४०८ वॅट. दुसऱ्याच्या खाली १६, म्हणजे १९२ वॅट. उरलेले वॅट त्याने ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेले असतात, आणि ते ग्राफिक्स कार्डाच्या काही कामाचे नसतात. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट मिळणारे एसएमपीएस बऱ्याचदा या दुसऱ्या जातीचे निघतात. मुलांनी पैसे साठवून घेतलेलं कार्ड असल्या डब्याच्या भरवशावर चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १२ व्होल्टचे दोन रकाने असले तर दोघांचे अँपिअर नुसते बेरजेला घेऊ नका. खाली दोघांची मिळून कमाल मर्यादा वॅटमध्ये दिलेली असते, ती धरा.

आता हिशोब मांडू. इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर पूर्ण जोरात ११७ वॅटपर्यंत जातो. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॅटचं आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांना मिळून साठ धरू. बेरीज ३४७. पहिल्या एसएमपीएसच्या ४०८ मध्ये ती बसते, दुसऱ्याच्या १९२ मध्ये नुसता प्रोसेसर आणि हे कार्डसुद्धा बसत नाहीत. त्याच संगणकात ११५ वॅटचं आरटीएक्स ४०६० घातलं तर बेरीज २९२ वर येते आणि पहिला एसएमपीएस निवांत राहतो. कार्ड निवडताना हा फरक किमतीइतकाच पाहावा.

मग ३०६० साठी एनव्हिडिया ५५० वॅटचा एसएमपीएस का सुचवते? तिला कुणाच्या घरात कोणता एसएमपीएस आहे ते माहीत नसतं, म्हणून ती सैल माप देते. पण त्यामागे आणखी एक खरं कारण आहे. कार्डाची भूक एकसारखी नसते. सेकंदाच्या अगदी छोट्या भागासाठी ते आपल्या नेहमीच्या मापाच्या कितीतरी पुढे झेप घेतं. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० यांच्या काळात अशा झेपांनी चांगले एसएमपीएसही स्वतःला वाचवायला बंद पडत. म्हणून २०२२ मध्ये इंटेलने आणलेल्या एटीएक्स ३.० या मानकात नव्या १६ पिनी जोडणीच्या, ४५० वॅटवरच्या एसएमपीएसला १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसण्याची अट आली. जुना एसएमपीएस असेल तर बेरजेवर पाव हिस्सा जास्त धरावा. ३४७ चे तेव्हा साधारण ४३५ होतात. म्हणजे आपला ४०८ वाला ३०६० साठी कागदावर पास होतो, पण मी तो नव्या कार्डासोबत वर्षानुवर्षं राबवणार नाही. ४०६० सोबत मात्र खुशाल वापरेन.

'८० प्लस ब्राँझ' या शिक्क्याचा ताकदीशी संबंध नाही. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी उष्णतेत किती वाया जाते, एवढंच तो सांगतो.

जोडण्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅट मिळतात, ६ पिनी केबलमधून आणखी ७५ आणि ८ पिनी केबलमधून १५०. कार्डाला ८ पिन लागते आणि एसएमपीएसला ती केबलच नाही, तर तेच त्याचं उत्तर समजावं: बनवणाऱ्याने हा डबा अशा कार्डासाठी केलेलाच नाही. तरी बाजारात साटावरून, म्हणजे हार्डडिस्क-एसएसडीच्या वीजजोडणीवरून, ८ पिन करून देणारे अडॅप्टर सर्रास मिळतात. साटाच्या वीजजोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे सगळ्या मिळून ५४ वॅट. तिच्यातून दीडशे वॅट ओढले की प्लास्टिक वितळतं, कधी पेटतंही. हा अडॅप्टर घरात आणूच नका. तसंच, सुट्या केबलींचा एसएमपीएस बदलला तर जुन्या केबली वापरू नका. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो.

ऑफिसातून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्ससारखे जुने संगणक घेणाऱ्यांनी जास्त जपावं. ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या उभ्या मॉडेलात २९० वॅटचा एसएमपीएस असतो आणि मदरबोर्डची जोडणी नेहमीची २४ पिनी नसून ८ पिनी असते. त्यामुळे बाजारातला साधा एसएमपीएस तिथे थेट लागत नाही. अशा यंत्रात जादा केबल न लागणारं, ७५ वॅटचं जीटीएक्स १६५० बरं. पण त्याच्या काही आवृत्त्यांना ६ पिन लागते, ते आधी पाहून घ्या.

कार्ड बसवल्यावर एकदा परीक्षा घ्या. ओसीसीटी या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोघांवर एकदम भार टाकणारी पॉवर चाचणी आहे. ती चालू असताना मोकळ्या मोलेक्स (चार पिनी) जोडणीत पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मल्टिमीटर लावला, तर आकडा ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवा. भार येताच तो ११.४ च्या खाली गेला किंवा संगणक आपोआप पुन्हा सुरू झाला, तर एसएमपीएस कमी पडतोय. मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल तर तेवढ्यापुरतं जाणत्याला बोलवा, आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरलेला असतो.

वीज जाण्याचा त्रास असलेल्या घरांत यूपीएसही मोजायला हवा. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच पेलतो, आणि त्यावर मॉनिटरही असतो. वरच्या हिशोबातला ३०६० वाला संगणक पूर्ण भारावर भिंतीतून चारशेच्या आसपास ओढेल, तेव्हा त्याला १००० व्हीएचा यूपीएस लागेल.

पुढच्या भागात कॅबिनेटमधल्या हवेचा प्रवाह आणि पंख्यांच्या दिशा पाहू.