खांद्याऐवजी मांडी

मटणाच्या दुकानात मांडी मागावी की छाती, हा विवेक आपल्याकडे बहुतेक घरांत असतो. डुकराच्या मांसाच्या बाबतीत मात्र तो फारसा आढळत नाही. बंगळूरच्या दक्षिणेस, तमिळनाडूच्या सीमेलगत असलेल्या आनेकलसारख्या तालुक्याच्या गावी तर हवा तो भाग संपलेला असणे नित्याचेच. अशा वेळी एका भागाऐवजी दुसरा घ्यावयाचा, तर काय बदलते हे जाणणे इष्ट होय.

कोडगूची ‘पंदी करी’ घ्या. तिच्यात कातडीसह, चरबीयुक्त मांस घालतात. काळपट भाजलेला मसाला आणि ‘कचंपुळी’ ही तिची दोन अंगे. आपल्या कोकमाच्या जातकुळीतील एका फळाचा रस आटवून कचंपुळी करतात. तिचा तीव्र आंबटपणा पेलण्यास चरबी हवीच. खांद्याच्या मांसात चरबी असते, शिवाय स्नायूंना बांधणारे चिवट धागेही असतात. मंद आचेवर दीड-दोन तासांत त्यांचा सरस होतो व रस्सा दाट होतो.

मांडीत ही दोन्ही द्रव्ये कमी. म्हणून मांडी घेतल्यास चौथा हिस्सा पोटाकडचे मांस मिसळावे, तुकडे मोठे ठेवावेत आणि आंबट थोडे कमी घालावे. केवळ पोटाचेच मांस मिळाले, तर ते आधी कोरडेच परतून सुटलेली चरबी काढून घ्यावी. ती टाकू नये. भाजी फोडणीस घालण्यास उत्तम. पाठीचे मऊ मांस मात्र रश्शात घालूच नये. त्यात सरस होण्याजोगे थोडेच असल्याने दोन तासांनी हाती कोरडा चोथा येतो, आणि महागड्या मांसाचे असे वाटोळे पाहवत नाही. ते पातळ कापून तव्यावर झटपट करावे.

गोव्याच्या ‘विंदालू’लाही हाच न्याय लागू. (या नावाचा बटाट्याशी संबंध नाही, त्यातील ‘आलू’ म्हणजे पोर्तुगीज भाषेतील लसूण.) ‘सोरपोतेल’मधील काळजाची जागा मात्र कोणतेही मांस घेऊ शकत नाही.

झटपट करावे म्हणजे अर्धेकच्चे ठेवावे, असे नव्हे. डुकराच्या मांसात पट्टकृमीच्या गाठी असू शकतात. असे मांस कच्चे खाल्ल्यास आतड्यात कृमी वाढतो; त्या माणसाच्या विष्ठेतील अंडी अन्नपाण्यातून कोणाच्याही पोटात गेल्यास गाठी मेंदूत होऊ शकतात व अपस्माराचे झटके येतात. म्हणजे एकाच्या ताटातील हयगय दुसऱ्याला भोवते. अखंड तुकड्याचा गाभा ६३ अंश सेल्सियसपर्यंत तापवून तीन मिनिटे तसाच राहू द्यावा; खिम्यासाठी ७१ अंश हवेत. तापमापक नसेल, तर तुकडा कापून पाहावा आणि आत कच्चेपणा दिसल्यास पुन्हा चुलीवर ठेवावा. विकत घेतानाच मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढुरक्या फोडी दिसल्या, तर तो भाग खांद्याचा असो वा मांडीचा, परत करावा.