आधी वही, मग अ‍ॅप

गांधीबागेतल्या कापडाच्या एखाद्या होलसेल दुकानात जरा वेळ उभं राहून बघा. छतापर्यंत तागे रचलेले असतात, तरी मालकानं नंबर सांगितला की पोरगा नेमका तोच तागा काढून आणतो. आता घरी जाऊन तुमचा नाण्यांचा डबा उघडा. जून २०११ च्या अखेरीस चलनातून गेलेलं ते चार आण्याचं नाणं कुठाय? आणि तुम्हाला ते दिलं कुणी?

छंद भरपूर, नोंद शून्य! म्हणूनच या सुट्टीत आपल्या संग्रहाचं अ‍ॅप बनवा. पण कोडिंगला बसण्याआधी वही घ्या आणि रकाने पाडा.

नाण्यांचंच बघा ना. किंमत आणि साल एवढ्यानं भागत नाही. सालाखाली सहसा एक बारीक खूण असते. हिऱ्याच्या आकाराची असेल तर टांकसाळ मुंबईची, चांदणी असेल तर हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा. खूणच नसेल तर कोलकाता. टांकसाळीचा रकाना विसरलात, तर एकाच सालाची वेगवेगळी नाणी तुमचं अ‍ॅप 'डुप्लिकेट' ठरवणार आणि तुम्ही ती चहावाल्याला देऊन मोकळे!

रकाने ठरले की वीस-पंचवीस वस्तू स्प्रेडशीटमध्ये भरून बघा. जो रकाना कायम रिकामा राहतो, तो काढून टाका. प्रत्येक वस्तूला एक नंबर द्या, तोच तिच्या पाकिटावरही लिहा. वस्तू हरवली तरी तिचा नंबर दुसरीला देऊ नका. माहिती साठवायला एसक्यूलाइट आहे. ते फुकट मिळतं आणि नेट नसलं तरी फोनमध्येच चालतं. सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढायची सोय मात्र पहिल्याच दिवशी करा. उद्या अ‍ॅप बंद पडलं तरी मेहनत वाया जायला नको.

आणि एक रकाना कधीच काढू नका : 'कुणाकडून मिळालं?' समजा, तुमच्याकडे एम्प्रेस मिलच्या कापडाचं जुनं लेबल आहे. १८७७ मध्ये नागपुरात सुरू झालेली ही गिरणी आता बंद आहे. साल, रंग, चित्र हे सारं लेबलकडे बघून कळेल. पण ते आजोबांनी पहिल्या पगाराच्या कापडावरून सोडवून जपलं होतं, हे फक्त आजोबाच सांगू शकतात.

म्हणून आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, फोनचा रेकॉर्डर सुरू करा. कोड काय, पुढच्या रविवारीही लिहिता येईल.