आकाशातला निरोप्या

कला शाखेच्या विद्यार्थ्याने उपग्रहावर लिहावे, हे काहींना धाडस वाटेल. पण या विषयाची गोडी मला लागली ती प्रयोगशाळेत नव्हे, तर सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात. तळमजल्यावरचे आजोबा १९६१ साली संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील भारतीय ब्रिगेडबरोबर काँगोत वायरलेसवर होते. ते सांगतात, "दिवसा एक फ्रीक्वेन्सी, रात्री दुसरी, आणि कधी कधी दोन्हींवर नुसती खरखर!"

असे का होई? लघुलहरी दूरवर पोचतात त्या वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, म्हणजे आयनांबरावरून, परतून. हा थर सूर्यप्रकाशाप्रमाणे बदलतो. म्हणजे निरोप सूर्याच्या मर्जीवर! उपग्रहाने ही अडचण दूर केली. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो. म्हणून तो आकाशात एका जागी स्थिर भासतो. सूक्ष्मलहरी आयनांबर भेदून त्याच्याकडे जातात आणि तो त्यांची शक्ती वाढवून त्या खाली धाडतो. या वर-खाली प्रवासाला साधारण पाव सेकंद लागतो. आपल्या जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे, १९७१ साली उपग्रह भूकेंद्र सुरू झाले, तेव्हा त्यासाठी प्रचंड थाळी उभारावी लागली होती. आता जनित्रावर चालणारी लहानशी थाळी आडरानातील छावणीला थेट न्यूयॉर्कशी जोडते. जखमीसाठी हेलिकॉप्टर हवे असो वा एखाद्या गावावर हल्ल्याची कुणकुण लागो, खबर तत्काळ पोचते.

पण पोचल्यावर पुढे काय?

११ जानेवारी १९९४ रोजी रवांडातील शांतिसेनेचे प्रमुख जनरल रोमेओ दालेर यांनी न्यूयॉर्कला तातडीचा संदेश पाठवून लपविलेल्या शस्त्रसाठ्याची व तुत्सींच्या कत्तलीच्या बेताची खबर दिली. संदेश पोचला, वाचला गेला. शस्त्रे जप्त करण्याची परवानगी मात्र मिळाली नाही. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने सैन्य वाढविण्याऐवजी ते सुमारे २७० वर आणण्याचे ठरविले. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली.

हे मी आजोबांना वाचून दाखविले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्हांला वाटायचं, निरोप पोचला की आपलं काम झालं."

निरोप कसा पोचवावा, हे विज्ञानाने शिकविले. तो ऐकून काय करावे, हा प्रश्न मात्र इतिहास आणि राज्यशास्त्र शिकणाऱ्या आपल्यापुढेच आहे.